अंड्याचं द्रावण उकळलं, तरी गुठळी धरत नाही: प्रथिनांच्या प्रयोगातले नेहमीचे घोळ

तुमच्या परीक्षानळीत यातलं काही दिसत असेल, तर पुढचं वाचा.

- पांढऱ्या बलकाचं द्रावण खळाखळा उकळलं, पण गुठळी नाही. नुसतं धुरकट झालं.
- उकळायच्या आधीच द्रावणात पांढरे धागे तरंगताहेत.
- आम्लाने साका आला, आणखी आम्ल घातल्यावर तो गायब.
- अमोनियम सल्फेटने काहीच झालं नाही. किंवा साका आला, पण पाणी घातल्यावर विरघळेना.
- लेड ॲसिटेट किंवा सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर जिथे प्रथिनच नाही, त्या नळीतही पांढरं पडलं.
- दूध फाडून गाळलं, निवळी उकळली, तरी दुसरा साका येत नाही.
- बाययुरेट चाचणीत (अल्क आणि मोरचुदाने प्रथिन ओळखायची चाचणी) जांभळ्याऐवजी गडद निळा रंग.

कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ट्रे लावणं हे माझं काम. प्रॅक्टिकलचे दिवस आले की आसपासच्या शाळांमधूनही हाका येतात, आणि हाक बहुतेक वेळा पहिल्याच तक्रारीची असते. सर मोठ्या ज्योतीवर नळी धरून उभे, मुलं मागून माना उंचावून बघताहेत, आणि नळीत फक्त धुकं. मग कुणीतरी म्हणतं, अंडं खराब असेल. अंडं बहुधा चांगलंच असतं.

घोळ असा की डिनॅचरेशन आणि अवक्षेपण या दोन घटना आपण एकच धरून चालतो. डिनॅचरेशन म्हणजे प्रथिनाच्या साखळीची ठरलेली घडी उलगडणं. अवक्षेपण म्हणजे ते रेणू एकमेकांना चिकटून द्रावणातून बाहेर पडणं. घडी उलगडूनही प्रथिन द्रावणातच राहू शकतं, आणि घडी शाबूत असतानाही ते बाहेर पडू शकतं. डोळ्यांना दिसतं ते फक्त अवक्षेपण. त्यामुळे 'उकळून काही झालं नाही' याचा अर्थ बहुतेकदा 'घडी उलगडली, पण रेणू जमले नाहीत' एवढाच असतो. अशा वेळी ज्योत मोठी करून काही उपयोग नाही. खालच्या तपासण्या फुकटापासून खर्चिकाकडे अशा क्रमाने दिल्या आहेत, तो क्रम मोडू नका.

आधी एक रिकामी नळी लावा

याला खर्च शून्य. प्रत्येक प्रयोगाशेजारी एक नळी अशी ठेवा की तिच्यात बाकी सगळं तेच आहे, फक्त प्रथिन नाही. म्हणजे अंड्याच्या द्रावणासाठी जे मिठाचं पाणी वापरलं तेच, आणि पुढे जो अभिकारक घालणार तोही तेवढाच. या नळीतही पांढरं पडलं, तर तुमचा साका प्रथिनाचा आहे असं म्हणता येणार नाही.

धातूंच्या क्षारांच्या वेळी ही नळी सगळ्यात जास्त उपयोगी पडते. मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की सिल्व्हर क्लोराइडचा दह्यासारखा पांढरा साका पडतो, त्याला अंडं लागतच नाही. लेड ॲसिटेटचंही तेच: क्लोराइड भरपूर असेल तर लेड क्लोराइड, आणि बोअरच्या जड पाण्यात सल्फेट, बायकार्बोनेट असतील तर त्यांचे शिशाचे क्षार. वर्गाने टाळ्या वाजवलेला साका निव्वळ पाण्यातल्या क्षारांचा निघालेला मी पाहिला आहे.

द्रावण कसं केलं आहे ते बघा

एका अंड्यात पांढरा बलक साधारण ३० मि.ली. निघतो. त्यात जवळपास ८८ टक्के पाणी आणि १० ते ११ टक्के प्रथिनं. निम्म्याहून थोडं जास्त प्रथिन ओव्हाल्ब्युमिन असतं, बाकी ओव्होट्रान्सफेरिन, ओव्होम्यूकॉइड, लायसोझाइम वगैरे. आणि थोडी ग्लोब्युलिनं व ओव्होम्यूसिन असतात, जी नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाहीत. त्यांना थोडं मीठ लागतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बलक ओतल्याबरोबर दिसणारे पांढरे धागे हेच. ते डिनॅचर झालेले नाहीत, त्यांना फक्त मीठ कमी पडलं आहे.

उपाय सोपा. लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ९ ग्रॅम मीठ. एका अंड्याच्या बलकाला हे पाणी १२० मि.ली. घ्या, म्हणजे साधारण दोन टक्के प्रथिनाचं द्रावण होतं आणि मागच्या बाकावरूनही फरक दिसतो. पुस्तकातलं दहापट पातळ द्रावण एका मुलाच्या नळीसाठी ठीक आहे, वर्गाला दाखवायला नाही. मीठ प्रयोगशाळेतलं घ्या. स्वयंपाकघरातल्या मोकळ्या सुट्या मिठात गोळे होऊ नयेत म्हणून जे मिसळलेलं असतं ते पुरतं विरघळत नाही आणि द्रावण उगाच गढूळ दिसतं.

काचकांडीने हळू ढवळा. रवीने किंवा मिक्सरने घुसळू नका, कारण फेसाच्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर प्रथिनं उलगडतात, म्हणजे तुमचा प्रयोग सुरू व्हायच्या आधीच थोडा उरकून जातो. मलमलीच्या दुहेरी फडक्यातून गाळा. गाळणकागद लगेच तुंबतो, त्याच्या नादी लागू नका.

आता सामू: इथेच नव्वद टक्के भांडण मिटतं

(टक्केवारी मोजलेली नाही, बोलायची पद्धत आहे.)

ताज्या अंड्याच्या बलकाचा सामू (पीएच) ७.६ च्या आसपास असतो. अंडं ठेवलं की कवचातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सामू चढत ९ च्याही वर जातो. दुकानातलं अंडं म्हणजे सहसा अल्कधर्मी बलक. ओव्हाल्ब्युमिनवरचा एकूण विद्युतभार शून्य होतो तो ४.५ च्या जवळ, त्या सामूला आयसोइलेक्ट्रिक पॉइंट म्हणतात. ९ ला त्या रेणूंवर भरपूर ऋण भार असतो. उकळल्यावर घडी उलगडते खरी, पण सगळे रेणू सारख्याच भाराचे, एकमेकांना ढकलतात. त्यात द्रावण पातळ आणि मीठही नसेल, तर ढकलाढकल आणखी जोरात. गुठळी धरणार कुठून?

म्हणून एक टक्का ॲसेटिक आम्ल करून ठेवा. बाजारातलं चार टक्क्यांचं व्हिनेगर असेल तर एक भाग व्हिनेगरला तीन भाग पाणी. पाच मि.ली. द्रावणात हे आम्ल एकेक थेंब घाला, दर थेंबानंतर हलवा आणि काचकांडीने ठिपका घेऊन पीएच पेपरवर बघा. ५ च्या आसपास आलं की थांबा. बहुधा दोन ते चार थेंब पुरतात. नंतर तापवा. धुकं जाऊन कापसासारख्या गुठळ्या सुटतील आणि मधलं पाणी निवळ दिसेल.

'थोडं जास्त आम्ल, म्हणजे जास्त चांगलं' हा दुसरा नेहमीचा घोळ. आयसोइलेक्ट्रिक पॉइंटच्या खाली गेलात की रेणूंवर धन भार येतो आणि पुन्हा तीच ढकलाढकल सुरू. आलेला साका विरघळतो तो यामुळे. सोडियम हायड्रॉक्साइडच्या अगदी पातळ द्रावणाचा एखाद-दुसरा थेंब टाकून सामू परत ५ कडे आणलात तर साका परतही येतो. उकळून घट्ट झालेली गुठळी मात्र अशी सहज विरघळत नाही.

दोन घटना वेगळ्या करून दाखवायच्या असतील तर एवढं कराच. यासाठी बलक नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये पातळ करून, धागे गाळून घ्या. दोन नळ्या भरा. एक चांगली उकळा आणि नळाखाली गार करा, दुसरीला हात लावू नका. दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतील, पहिली फार तर किंचित धुरकट. आता दोन्हींत थंड असतानाच आम्लाचे थेंब घाला. उकळलेल्या नळीत झटकन साका पडतो. न उकळलेलीत जेमतेम धुकं येतं, कारण घडी शाबूत असलेलं ओव्हाल्ब्युमिन आयसोइलेक्ट्रिक पॉइंटलाही विरघळलेलं राहू शकतं. फरक आम्लाने पडलेला नाही, तो आधीच पडला होता. आम्लाने तो फक्त दिसला. पाठ्यपुस्तकाच्या पानभर व्याख्येपेक्षा या दोन नळ्यांनी मुलांना जास्त कळतं असं माझं मत आहे, आणि खर्च अर्ध्या अंड्याचा.

तापमान

सामू आणि मीठ ठीक असूनही अर्धवट झालं तर थर्मामीटर काढा. गीझरच्या पाण्यात नळी बुडवून हा प्रयोग होत नाही. ओव्होट्रान्सफेरिन ६० अंशांच्या थोडं वर उलगडायला लागतं, त्यामुळे तिथे दुधाळपणा दिसतो आणि वाटतं झालं. पण मुख्य प्रथिन ओव्हाल्ब्युमिनला ८० अंशांच्या वर जावं लागतं. अंडं जुनं असेल तर त्यातलं बरंचसं ओव्हाल्ब्युमिन उष्णतेला आणखी दाद न देणाऱ्या रूपात गेलेलं असतं, त्याला ९० च्या पुढे न्यावं लागतं. उकळत्या पाण्याच्या चंचुपात्रात पाच मिनिटं, हे सगळ्यात निर्धोक.

थेट ज्योतीवरच करायचं असेल तर नळी तीन चतुर्थांश भरा, तिरकी धरा आणि फक्त वरचा भाग तापवा. खालचा भाग तुलनेला आयता मिळतो. लघवीतलं अल्ब्युमिन तपासायची जुनी पद्धत हीच, आणि तिथेही तापवून ॲसेटिक आम्लाचे थेंब घालतातच. नळीचं तोंड कुणाकडेही नको. हे द्रावण उकळताना उसळतं.

दूध वापरत असाल तर

काही शाळांत अंडं चालत नाही. तिथे दुधावर करा, प्रयोग उलट जास्त रंगतो. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन आणि २० टक्के निवळीतली प्रथिनं. केसीन उष्णतेला भीत नाही, म्हणून चांगलं दूध कितीही उकळलं तरी फाटत नाही. पण सामू ४.६ ला आणला की ते खाली बसतं, तापवायची गरज नाही. निवळीतल्या प्रथिनांचं बरोबर उलट: आम्लाने ती थंड असताना द्रावणातच राहतात, पण तापवलं की उलगडून बाहेर पडतात. मुलांना खरवस विचारा. चिकात ही निवळीतली प्रथिनं, विशेषतः इम्युनोग्लोब्युलिनं, भरपूर असतात, म्हणून चीक वाफेवर आपोआप धरतो आणि रोजचं दूध धरत नाही.

कोमट दुधात पातळ व्हिनेगर हळूहळू घालून केसीन पाडा, फडक्यातून गाळा, निवळी स्वच्छ मिळेपर्यंत पुन्हा गाळा, मग निवळी उकळा. दुसरा, बारीक साका यायला हवा.

तो आला नाही तर पहिला प्रश्न: दूध घरून आणलं का? आपल्याकडे दूध घरात आलं की आधी तापवलं जातं. तापवताना निवळीतली प्रथिनं उलगडून केसीनच्या कणांना चिकटतात आणि नंतर केसीनसोबतच खाली बसतात. निवळीत उरतं काय? टेट्रापॅकमधल्या दुधाचीही हीच गत. पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध चालतं, ते साधारण ७२ अंशांना १५ सेकंदच ठेवलेलं असतं. मुलांना 'दूध आणा' असं न सांगता 'न तापवलेली पिशवी आणा' असं सांगा.

अमोनियम सल्फेट

हा प्रयोग घडी न मोडता प्रथिन बाहेर काढण्याचा आहे, आणि तो फसतो तो चिमटीमुळे. अल्ब्युमिन पाडायला द्रावण पूर्ण संपृक्त लागतं: पाच मि.ली.ला पावणेचार ग्रॅमच्या आसपास. अर्ध्या संपृक्ततेला, म्हणजे संपृक्त द्रावण समभाग घातल्यावर, फक्त ग्लोब्युलिनं पडतात. तळाशी थोडे खडे न विरघळता उरेपर्यंत घाला, पण त्या खड्यांनाच साका समजू नका. नळी थोडा वेळ स्थिर ठेवली की खडे बसतात, प्रथिनाचा साका तरंगत राहतो.

अमोनियम सल्फेट नाही म्हणून जेवणातलं मीठ वापरलं तर? संपृक्त मिठानेही उदासीन द्रावणातलं अल्ब्युमिन पडत नाही. सोबत आम्ल लागतं, आणि मग तो वेगळाच प्रयोग होतो.

साका आल्यावर पाच-सहा पट पाणी घाला. निवळलं पाहिजे. नाही निवळलं, तर बलक फेसाळलेला होता किंवा नळी मधेच कुणीतरी तापवली होती. याच साक्यावर बाययुरेट करू नका. अल्क घातल्यावर अमोनिया सुटतो, तो तांब्याशी मिळून गडद निळा रंग देतो आणि जांभळा त्यात बुडतो. मोरचुदाचं द्रावण जास्त पडलं तरी निळाच दिसतो, एक टक्क्याचे दोन-तीन थेंब पुरे. उकळलेल्या गुठळीवर बाययुरेट येतं का, असं मुलं विचारतात. येतं. घडी मोडली तरी पेप्टाइड बंध तुटलेले नसतात.

अल्कोहोल आणि धातू

अल्कोहोलने काही झालं नाही, तर ते पातळ होतं. द्रावणाच्या दुप्पट घ्या. जेल सॅनिटायझर नको, त्यातलं घट्ट करणारं द्रव्यच गोंधळ घालतं. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. टेबलावर पेटता दिवा नको. बर्फगार अल्कोहोलने पाडून लगेच पाणी घातलं तर साका बराचसा विरघळतो, खोलीच्या तापमानाला थोडा वेळ ठेवला तर नाही.

धातूंमध्ये मोरचूद सगळ्यात बरं. इथे सामू आयसोइलेक्ट्रिक पॉइंटच्या वर हवा, म्हणजे प्रथिनावर ऋण भार असतो आणि तांब्याचा आयन त्याला पकडतो. मघाशी आम्ल घातलेली नळी इथे वापरू नका. थेंबाथेंबाने घाला, कारण काही वेळा जास्त झालं की साका परत विरघळतो. पाऱ्याच्या विषबाधेत पूर्वी कच्च्या अंड्याचा बलक पाजत, त्यामागे हेच रसायन होतं.

सगळं करूनही एखादा हुशार मुलगा विचारतोच: उकडलेलं अंडं परत कच्चं होतं का? त्याला क्रिश्चन आनफिन्सेन सांगा. युरियात उलगडलेलं रायबोन्यूक्लिएज नावाचं प्रथिन, युरिया काढून घेतल्यावर, स्वतःहून परत घडीत येतं हे त्यांनी दाखवलं आणि १९७२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. उकडलेल्या बलकातल्या लायसोझाइमची घडी परत बसवल्याचं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या ग्रेगरी वाइस आणि ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन रॅस्टन यांच्या गटाने २०१५ मध्ये जाहीर केलं. तेव्हा 'कधीच नाही' असं उत्तर देऊ नका. वर्गातल्या नळीत मात्र ते होत नाही.

इथे थांबा

वरचं सगळं करून जमलं नाही, तर अभिकारकांच्या कपाटात आणखी आत हात घालू नका. नवं अंडं, नवं पाणी घेऊन पहिल्यापासून करा.

कपाटाच्या तळाशी पिक्रिक आम्लाची जुनी बाटली सापडली आणि झाकणाभोवती पिवळे कोरडे स्फटिक दिसले, तर बाटली उघडू नका, हलवू नका, पुसूही नका. कोरडं पिक्रिक आम्ल स्फोटक आहे, झाकण फिरवण्याचं घर्षणही पुरतं. खोली रिकामी करा, कुलूप लावा, मुख्याध्यापकांना सांगून अग्निशमन दलाला कळवा.

मर्क्युरिक क्लोराइड आणि मिलनचा अभिकारक या दोन्हींत पारा आहे. शालेय प्रात्यक्षिकाला त्यांची गरज नाही. असलेल्या बाटल्या बंद ठेवा, सिंकमध्ये ओतू नका. शिशाचा साकाही नाही. वेगळ्या डब्यात साठवून, चिठ्ठी लावून, प्रदूषण नियंत्रण मंडळाने परवाना दिलेल्या धोकादायक कचरा उचलणाऱ्या संस्थेकडेच द्या.

तीव्र नायट्रिक आम्लाच्या चाचण्या धूर ओढणारं कपाट नसेल तर करू नका. हातावर सांडलं तर कातडी पिवळी पडते, तीही प्रथिनाचीच चाचणी म्हणायची. पण आधी वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटं, आणि डाग मोठा असेल किंवा डोळ्यात उडालं असेल तर पाणी चालू ठेवूनच दवाखान्यात न्यायची तयारी करा. बर्नरच्या नळीला गॅसचा वास येत असेल तर साबणाच्या फेसाने गळती शोधण्यापलीकडे तुम्ही काही करायचं नाही. मुख्य कॉक बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका, गॅसवाल्याला बोलवा. उरलेला प्रयोग गरम पाण्याच्या थर्मासवर होत नाही, तो पुढच्या तासाला ठेवा.